उत्तर ज्याचे त्याचे, अवकाश सर्वांचा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढ व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा पुरोगामी वर्तुळात समाधान व्यक्त झाले आणि ते रास्तच होते. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम ही परकीय सत्तेने आपल्या पायात घातलेली बेडी होती आणि स्वातंत्र्यानंतरही सात दशके ती आपण निमूटपणे वागवली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला, हे खरे. म्हणजे कायद्याची लढाई अर्ध्यावर आहे. परंतु या लेखाचा विषय ती लढाई नाही.

या सगळ्या न्यायालयीन इतिहासात एक माणूस कोठेच दिसत नाही. न्यायालयात जो जातो त्याला आपण कोण आहोत हे ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच तो दाद मागतो. पण ज्याला ते अद्याप उमगलेले नाही त्याचे काय? तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, नर्सिंगच्या वसतिगृहात राहणारी मुलगी, किंवा लग्न होऊन दहा वर्षे झालेला, दोन मुलांचा बाप असलेला एखादा शिक्षक. यांच्या मनात एक प्रश्न कधीतरी डोके वर काढतो. मला जे वाटते ते काय आहे? इतरांना वाटते तसे मला का वाटत नाही? हा माणूस कोणत्याही याचिकेत नसतो, मोर्चात नसतो, आणि आपल्या शिबिरात बसलेला असला तरी आपल्याला ओळखू येत नाही. त्याच्यापाशी उत्तर नाही ही त्याची खरी अडचण नव्हे. प्रश्न विचारण्याइतकी जागा, वेळ आणि शब्दही त्याच्यापाशी नाहीत, ही अडचण आहे. उत्तर त्याचे त्यालाच शोधावे लागेल. जागा मात्र समाजाने द्यायची असते, आणि म्हणून हा प्रश्न खाजगी म्हणून बाजूला सारता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालवले. त्या मासिकात वाचकांची पत्रे येत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. ज्या गोष्टी आईबापांना विचारता येत नाहीत, डॉक्टरला विचारण्याचे धाडस होत नाही, त्या गोष्टी माणसे पोस्टाच्या पाकिटातून विचारीत होती. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांचे निरसन ज्ञानानेच होईल, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला. कर्व्यांना दंड झाला.

या घटनेकडे आपण सहसा आंबेडकरांच्या उदारमतवादाचा किंवा कर्व्यांच्या जिद्दीचा दाखला म्हणून पाहतो. मला त्यातील तिसरी व्यक्ती महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पत्र लिहिणारा तो अनाम वाचक. गुन्हा केला त्याने नव्हे, करणार होता असेही नव्हे. त्याने फक्त विचारले होते. आणि त्याला उत्तर देणाऱ्याला शिक्षा झाली, म्हणजे पुढच्या शंभर वाचकांना 'विचारू नका' असे बजावले गेले.

त्याच सुमारास जगात इतरत्रही हेच घडत होते. मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १९१९ साली बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था स्थापन केली होती. स्वतःविषयी संभ्रमात पडलेली माणसे तेथे सल्ल्यासाठी येत. ६ मे १९३३ रोजी नाझी तरुणांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिच्या ग्रंथालयातील पुस्तके भर चौकात जाळली. हुकूमशाहीकडून दुसरी अपेक्षा नव्हती असे म्हणून आपण सुटू शकलो असतो. पण क्रांतीनंतर ज्या सोव्हिएत रशियाने समलिंगी संबंध दंडसंहितेतून वगळले होते, त्याच देशात मार्च १९३४ मध्ये स्टालिनच्या राजवटीने ते पुन्हा गुन्हा ठरवले. रशियात ती तरतूद रद्द होण्यास १९९३ साल उजाडले. याउलट जर्मन समाजवाद्यांचे नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८९८ सालीच तेथील संसदेत अशा कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. तेव्हा समाजवादी विचारसरणी माणसाला या बाबतीत आपोआप शहाणी करते, हा समज इतिहासाला धरून नाही. शहाणपण प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनात असा संशय जागा झालेल्या माणसाला समजून घेण्यासाठी काय उपलब्ध आहे?

पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत त्याला जे शब्द सापडतात ते कोठून आलेले असतात पाहा. 'बायल्या' हा शब्द शिवीतून येतो. 'अनैसर्गिक' हा कायद्यातून येतो. 'उभयलिंगी' हा शब्द त्याने शाळेत गांडुळाच्या धड्यात वाचलेला असतो, आणि स्त्री व पुरुष या दोहोंविषयी ओढ वाटणाऱ्या माणसाला आपण तोच शब्द देऊ करतो. शिवी, गुन्हा आणि गांडूळ यांतून स्वतःची ओळख शोधणाऱ्याच्या मनात लाजेखेरीज काय उपजणार? 'समलिंगी', 'लैंगिक कल' हे बरे शब्द आता रूढ होत आहेत. पण ते वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले, घरापर्यंत अजून पोहोचलेले नाहीत.

दुसरी अडचण अशी की तीन निरनिराळ्या गोष्टींची आपण एकच मोट बांधतो. कोणाविषयी ओढ वाटते हा एक भाग. प्रत्यक्ष वर्तन काय घडते हा दुसरा. आणि स्वतःला काय म्हणवून घ्यावे हा तिसरा. या तिन्ही गोष्टी एका माणसात नेहमी जुळतातच असे नाही. वसतिगृहात किंवा तुरुंगात घडलेल्या प्रसंगावरून कोणाचा कल ठरत नाही. उलट आयुष्यात एकही संबंध न घडलेल्या माणसाला आपला कल नेमका ठाऊक असू शकतो. बायको-मुले असणे हाही कशाचा पुरावा नव्हे. आपल्या समाजात लग्न हे बहुधा ओढीने होत नाही, वयाने होते. याशिवाय, आपण स्त्री की पुरुष की आणखी काही ही जाणीव लैंगिक कलाहून वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना ती जाणीव स्वतः सांगण्याचा अधिकार दिला, तो या वेगळेपणामुळेच. नाजूक चालीचा मुलगा समलिंगी असतो आणि पैलवान नसतो, ही समजूत पारावरच्या थट्टेला ठीक. ज्ञान म्हणून तिची किंमत शून्य आहे.

शास्त्राने याबाबत काय म्हटले आहे? आल्फ्रेड किन्से या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ साली पुरुषांच्या व १९५३ साली स्त्रियांच्या लैंगिक वर्तनाचे अहवाल प्रसिद्ध केले. माणसांचे दोनच कप्पे न पाडता त्याने शून्यापासून सहापर्यंत एक मोजपट्टी मांडली. एका टोकाला केवळ भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला केवळ समलिंगी, आणि मध्ये अनेक पायऱ्या. त्याच्या नमुना-निवडीवर पुढे बरीच टीका झाली, पण मधल्या पायऱ्यांवरही माणसे उभी असतात ही त्याची मूळ मांडणी टिकून राहिली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी कल हा विकारांच्या यादीतून काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. फ्रॉइडने तर त्याही आधी, १९३५ साली, आपल्या मुलाविषयी चिंतित झालेल्या एका अमेरिकन मातेला पत्र लिहून कळवले होते की यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि हा आजारही नाही. हा कल अमुक एका कारणाने घडतो असे कोणतेही एकमेव कारण सापडलेले नाही. आईचे लाड, बापाचा धाक, वाईट संगत यांवर खापर फोडणाऱ्या कल्पनांना आधार मिळालेला नाही. आणि औषधे, विजेचे झटके, संमोहन, उपासतापास यांनी तो बदलतो या दाव्यांतून माणसे मोडली, कल बदलला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे 'रूपांतर-उपचार' करणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. गावोगावच्या पाट्यांवर 'गुप्तरोगतज्ज्ञ' म्हणून मिरवणाऱ्यांना हे कोणी सांगितले आहे काय?

या माहितीतून त्या माणसाला त्याचे उत्तर मिळत नाही. रक्ताच्या तपासणीने कळावे असे हे प्रकरण नाही. कोणतीही चाचणी नाही. मग समजून घ्यायचे कसे? मला वाटते, मार्ग साधे आहेत, पण त्यांना वेळ लागतो. आपल्याला कोणाचा सहवास हवासा वाटतो, कोणाच्या नुसत्या आठवणीने मन हलते, भविष्याचे चित्र रंगवताना शेजारी कोण दिसते, याकडे प्रामाणिकपणे पाहणे. भीतीपोटी 'आपण तसे नाही' हे सिद्ध करण्यासाठी एखाद्या मुलीच्या मागे लागणे किंवा घाईने लग्न करणे टाळणे. त्याचप्रमाणे, एका प्रसंगावरून 'आपण तसेच आहोत' असा शिक्का स्वतःवर मारण्याचीही घाई न करणे. दोन्ही बाजूंनी ओढ वाटत असेल तर 'आधी एक काय ते ठरव' या दडपणाला बळी न पडणे. कोणाविषयीच फारशी ओढ वाटत नसेल तर तेही मनुष्यस्वभावाचेच एक रूप आहे हे जाणणे. ज्यांनी ही वाट आधी तुडवली आहे त्यांच्याशी बोलणे. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून आणि पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' २००२ पासून काम करीत आहे. बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले आहे. आणि शेवटी, काही काळ 'मला अजून कळलेले नाही' या अवस्थेत राहण्याची मुभा स्वतःला देणे. न कळणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. ज्यांना कधी प्रश्न पडलाच नाही, त्यांनीही उत्तर शोधलेले नसते. त्यांना ते आयते मिळालेले असते इतकेच.

येथे आपल्यातीलच काही साथी आक्षेप घेतील. ते आक्षेप टाळण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप : हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, ज्याला भाकरीची भ्रांत आहे त्याला असले प्रश्न पडत नाहीत. वस्तुस्थिती उलट आहे. प्रश्न सर्वांना पडतो. तो बोलण्याची सोय वर्गानुसार बदलते. श्रीमंताच्या मुलाला स्वतःची खोली असते, समुपदेशकाची फी परवडते, फारच झाले तर परदेशाची वाट मोकळी असते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहाजणांबरोबर राहणाऱ्या मुलीला रडायलाही आडोसा नसतो. साखरपट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या तरुणाला टोळी सोडून जायला जागा नसते, कारण अंगावर उचल असते. जातपंचायतीचा आणि भावकीचा धाक कोणाला अधिक असतो हेही सांगायला नको. ज्याच्याजवळ एकांत विकत घेण्याची ऐपत नाही त्याच्यासाठी चळवळीने बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

दुसरा आक्षेप : हे पाश्चात्त्यांचे वेड आहे. पश्चिमेकडून आली ती शिक्षा. भावना आपल्याच होत्या. आणि विचार पश्चिमेतून आला म्हणून तो त्याज्य ठरत असेल तर समाजवादही सोडावा लागेल. एडवर्ड कार्पेंटर हा इंग्रज समाजवादी आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे तो गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य'मुळे. यंत्रसंस्कृतीवरील त्याच्या पुस्तकाचा गांधीजींनी त्यात आदराने निर्देश केला आहे. हाच कार्पेंटर समलिंगी होता, आपल्या सहचराबरोबर उघडपणे राहत होता आणि या विषयावर त्याने ग्रंथ लिहिले. ज्याच्या सुधारणाविषयक विचारांना आपण मान दिला, त्याचे उरलेले आयुष्य झाकून ठेवण्याचे कारण काय?

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : अशी चर्चा करून आपण कोवळ्या मुलांना उगाच संभ्रमात टाकतो. पण संभ्रम चर्चेने निर्माण होत नाही. तो आधीच असतो. चर्चेने एवढेच होते की ज्याला प्रश्न आहे त्याला शब्द मिळतो, आणि ज्याला प्रश्न नाही तो ऐकून घेऊन आपल्या वाटेने जातो. शतकानुशतके सर्व मुलांना केवळ एकाच प्रकारच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकवल्या गेल्या; तेवढ्याने सर्वांचा कल एक झाला नाही, हा पुरावा पुरेसा नाही काय?

या प्रश्नावर मौन पाळल्याने नुकसान कोणाचे होते ते पाहू. मुलगा अस्वस्थ दिसला की 'लग्न केले की ठीक होईल' हा आपल्या घराघरांतील ठरलेला उपाय. त्यात दुसऱ्या घरची एक मुलगी गुंतते. तिला काहीही सांगितलेले नसते. वर्षभराने माहेरी गेली की तिलाच विचारले जाते, 'तुझ्यातच काही कमी आहे का?' एका माणसाला प्रश्न विचारण्याची मोकळीक दिली नाही म्हणून दोन माणसांची आयुष्ये नासतात आणि दोघांपैकी एकही त्याला जबाबदार नसतो. मुलीच्या मनात हा प्रश्न उठला तर परिस्थिती आणखी बिकट. तिला पुरुषाविषयी काय वाटते हेच कोणी विचारलेले नसते, मग स्त्रीविषयी काय वाटते हे कोठून विचारणार? विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आणली. एक महाविद्यालयीन तरुणी आपल्याला मुलीविषयी ओढ वाटते हे ओळखते आणि तिची फरफट होते, असा त्याचा विषय. नाटकाला चार दशके उलटली, पण आजही दोन मुली एकत्र राहण्यासाठी घर सोडतात तेव्हा पहिली धाव पोलीस ठाण्याकडेच घेतली जाते आणि अपहरणाची फिर्याद नोंदवली जाते.

अशाच एका प्रकरणातून शिकण्यासारखे खूप आहे. मदुराईहून दोन तरुणी पळून चेन्नईला आल्या, आईवडिलांनी तक्रार केली, आणि त्या मुलींनी संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर प्रकरण आले. त्यांनी सांगितले की या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही. आणि निकाल देण्यापूर्वी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे शिकण्यासाठी जाऊन बसले, समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींशी बोलले. जून २०२१ मध्ये त्यांनी दिलेल्या आदेशात अशा जोडप्यांना पोलिसांच्या जाचापासून संरक्षण मिळाले आणि कल बदलण्याच्या 'उपचारां'ना मनाई झाली. न्यायासनावर बसलेला माणूस 'आधी समजून घेतो, मग बोलतो' असे म्हणू शकतो, तर तेवढी नम्रता आपल्याला का झेपू नये?

कार्यकर्त्यांनी करायचे ते काम फार अवघड नाही. एखाद्या संध्याकाळी सभा संपल्यावर, सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत रेंगाळलेला एखादा मुलगा म्हणेल, 'दादा, जरा बोलायचं होतं.' तो काय सांगतो ते पूर्ण ऐकावे. तो जे स्वतःला म्हणत नाही ते नाव त्याला देऊ नये. 'वय आहे, जाईल निघून' असेही म्हणू नये आणि 'अरे, मग घरी सांगून टाक' असा शौर्याचा उपदेशही करू नये. घराबाहेर काढले गेल्यावर तो कोठे झोपेल याचा विचार उपदेश करणाऱ्याने केलेला नसतो. त्याने सांगितलेले त्याच्या परवानगीवाचून कोणाच्याही, अगदी आपल्या जिवलग सहकाऱ्याच्याही, कानावर घालू नये. मन फार खचलेले दिसले तर जाणत्या समुपदेशकाकडे जाण्यास त्याला सोबत करावी. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मात्र समुपदेशकही नीट पारखून घ्यावा, कारण पदवी म्हणजे समज नव्हे.

आणि तो मुलगा बोलायला आलाच नाही तर? बहुतेक वेळा तो येतच नाही. तो आपल्याला दुरून पारखत असतो. शिबिरातील जेवणाच्या पंगतीत कोणा नाजूक आवाजाच्या माणसाची नक्कल झाली तेव्हा कोण हसले, कोण गप्प राहिले, हे तो पाहून ठेवतो. म्हणून अभ्यासशिबिरात या विषयाला एक सत्र द्यावे, शाखेच्या ग्रंथालयात दोन पुस्तके ठेवावीत, आणि थट्टा सुरू झाली की ती तेथेच थांबवावी. कर्व्यांच्या वाचकाला पाकीट पाठवण्यासाठी निदान एक पत्ता ठाऊक होता. आपल्या तालुक्यातील, आपल्या शाखेतील त्या मुलाला किंवा मुलीला असा एक पत्ता ठाऊक आहे काय, हे प्रत्येक शाखेने येत्या बैठकीत स्वतःला विचारावे.